घरचं उत्तर

भाताच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर कितव्या दाण्याला तो ढीग राहत नाही, हा प्रश्न मला ज्या माणसाने विचारला त्याचं कामच भात मोजण्याचं होतं. आणि विचारला तेव्हा मागे पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची ही एवढी रांग उभी होती.

आटगावच्या पलीकडे सरकारी भातखरेदीचं केंद्र होतं. पत्र्याचं लांबलचक गोदाम, पुढे तोलकाटा आणि बाजूला गोदामपालाची दोन खोल्यांची जागा. खर्डीकडच्या आमच्या गावातून बाबा दर वर्षी तिथे भात घालायचे. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बारावीला इंग्रजीत नापास होऊन घरी बसले होते, म्हणून पोती राखायला मलाही नेलं. आमचा नंबर आला तेव्हा गोदामपाल खुर्चीतून उठले. त्यांनी मूठभर दाणे घेतले, एक दाताखाली कडकन फोडून ओल बघितली, आणि मग जमिनीवर ओतलेल्या नमुन्यातून एकेक दाणा उचलून बाजूला ठेवायला लागले. प्रत्येक दाण्याला माझ्याकडे बघून विचारायचे, अजून ढीग आहे? अजून आहे? दहाबारा दाणे झाल्यावर बाबांचा धीर सुटला. ते म्हणाले, "ढिगाचा काय घेऊन बसलाव, काटा लावा."

गोदामपाल हसले नाहीत की चिडले नाहीत. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी एका वहीत लिहिलं आणि वाचूनही दाखवलं, "खर्डीकडचे एक शेतकरी म्हणतात, ढिगाचा निकाल काट्यावर लागतो." मग काटा लावला. परत येताना बाबा गाडीत म्हणाले की माणूस चांगला आहे, पण वरचा मजला भाड्याने दिलेला आहे. माझ्या डोक्यातून मात्र तो ढीग पुढे आठवडाभर हलला नाही.

होळीच्या सुमाराला खरेदी संपायची आणि गोदाम रिकामं व्हायचं. त्या रिकाम्या गोदामात गोदामपाल दर रविवारी दुपारी वर्ग घ्यायचे. फी नाही, परीक्षा नाही, हजेरी नाही. जगातल्या मोठमोठ्या माणसांनी जे विचार केले ते, ज्यांनी असलं पुस्तक कधी हातात धरलेलं नाही अशांना सांगायचे, एवढाच उद्योग. आसपास त्याला येड्याची शाळा म्हणत. मी चुलतबहिणीला सोबत घेऊन गेले. तेव्हा तिथे रेल्वेचे दोन गँगमन, एक अंगणवाडीची मदतनीस, डोंगरातल्या पाड्यावरून मध विकायला येणारा एक माणूस आणि चारपाच रिकामटेकडे बसले होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

काका स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेले नव्हते. कल्याणच्या रद्दीवाल्याकडून ते पुस्तकं वजनावर आणत. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. इंग्रजीचं एक पान वाचायला त्यांना शब्दकोश घेऊन दोन दिवस लागत. प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं असे, छापील बाजू आत. लेखकाचं नाव ते कधीच सांगत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नाव सांगितलं की तुम्ही नमस्कार करता, आणि नमस्कार केला की भांडण संपतं. आधी वर्षभर भांडा, मग नाव सांगतो." म्हणून आमच्या वर्गात सगळ्यांना टोपणनावं होती. बाजारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारणारा तो 'खोडकर म्हातारा'. शेगडीजवळ बसून सगळ्या जगावर शंका घेणारा तो 'शंकेखोर'. ज्याच्या फिरायला जाण्यावर गावातले लोक घड्याळ लावत, तो 'घड्याळवाला'. पुढे नोकरीला लागल्यावर मी एका वाचनालयात घड्याळवाल्याचं खरं नाव वाचलं आणि एखाद्या ओळखीच्या माणसाचं पाळण्यातलं नाव कळावं तसं वाटलं.

त्यांच्या शिकवण्यात फजितीही पुष्कळ व्हायची. एकदा त्यांना सांगायचं होतं की आपण 'मी मी' म्हणतो तो 'मी' कुठे सापडत नाही. रथाचं चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे, असा तो जुना युक्तिवाद. रथ कुठून आणणार? त्यांनी स्वतःची सायकल आणली. पाना घेऊन चाकं काढली, पायडल काढलं, साखळी उतरवली, हँडल वेगळं केलं, सगळं ओळीने मांडलं आणि दर वेळी विचारलं, ही सायकल का? आम्ही नाही म्हणत गेलो. शेवटी विजयी मुद्रेने म्हणाले, मग सायकल कुठे गेली? काकू दारात चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी मोडलीत." काकांनी तेही वहीत लिहिलं. पण सायकल परत जोडता येईना. दोन नट उरले आणि ब्रेक लागेना. पुढचे पंधरा दिवस ते आटगावच्या बाजाराला पायी जात होते.

काकूंना हा सगळा प्रकार उंटावरच्या शहाण्याचा वाटायचा. त्या मुरबाडकडच्या, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातल्या. बोलायला तिखट, हात मात्र सढळ. काकांना मर्तिकाला एकटं पाठवायचं नाही असा त्यांचा दंडक होता. कारण एकदा काका कुणाच्या तरी दहाव्याला गेले आणि रडणाऱ्या मुलालाच विचारून बसले की मरण वाईट हे आपल्याला नेमकं कशावरून कळतं. तिथून त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं होतं. या माणसाला विचार करायची वेळ कोणती आणि गप्प बसायची कोणती हे कधी उमगलं नाही, आणि हे मी प्रेमाने म्हणत नाही. त्यापायी त्यांनी खूप माणसं दुखावली.

पण त्यांची खरी रीत होती ती घरच्या उत्तराची. वर्ग संपताना ते एक प्रश्न द्यायचे. तो घरी न्यायचा, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला घरच्याच बोलीत सांगायचा आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं पुढच्या रविवारी आणायचं. वहीच्या डाव्या पानावर काका पुस्तकातल्या माणसाचं म्हणणं लिहीत, उजव्या पानावर आमच्या घरचं. दोन्ही अक्षरं सारख्याच आकाराची. शंकेखोराचा प्रश्न, हे सगळं जग स्वप्न कशावरून नाही, मी आमच्या चुलत्याला विचारला तेव्हा तो बोलला, "सपान असता तं युरिया फुकट मिळला असता." काकांनी ते शंकेखोराच्या समोर लिहिलं.

बनावट उत्तर त्यांना लगेच ओळखू यायचं. एका गँगमनने एकदा आईच्या नावावर सत्य, ईश्वर वगैरे भारदस्त वाक्य आणलं. काका म्हणाले, तुझी आई असं बोलत नाही, ती खरोखर काय बोलली ते सांग. तो खाली बघून म्हणाला, "बोलली, जा, पानी आन." काकांनी तेच लिहून घेतलं.

दुसऱ्या वर्षी दाराचा प्रश्न आला. घड्याळवाल्याचं म्हणणं असं की खोटं कधीच बोलू नये, कोणासाठीही नाही. मग काकांनी मांडलं: एक माणूस जीव वाचवायला तुमच्या घरात येऊन लपलाय. मागोमाग दुसरा दारात येतो, हातात कोयता, आणि विचारतो, तो आत आहे का? काय सांगाल? घड्याळवाला म्हणतो, तिथेही खरंच सांगा. त्या दिवशी गोदामाचा पत्रा उडायचा बाकी राहिला. मधवाला तर उठून उभाच राहिला, म्हणाला या माणसाच्या घरी लपायला कोण जाईल? काका घड्याळवाल्याच्या बाजूने एकटे दीड तास लढले. एकदा खोटं चालतं म्हटलं की मग कोणाच्याच शब्दाला किंमत राहणार नाही, असं काहीतरी. कोणालाही पटलं नाही.

मी प्रश्न घरी नेला. बाबा ओटीवर नांगराचा फाळ ठोकत बसले होते. न थांबता म्हणाले, "खोटा बोलायचा. त्यात इचार कसला?" काकांना कारण लागतं म्हणून मी कारण विचारलं. तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली. "घरात आला तो आपला. दारातला इचारनारा कोन?" हेही उजव्या पानावर गेलं. आपलं बोलणं वहीत लिहिलं गेलं याचं बाबांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मला दोनदा विचारलं की नीट लिहिलं ना.

त्याच वर्षी मी बारावी सुटले आणि ठाण्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला. पत्र आलं. अमुक दिवशी सकाळी मूळ दाखले घेऊन हजर व्हायचं, नाही आलात तर जागा पुढच्या मुलीला जाईल. आणि नेमका त्याच दिवशी बाबांनी माझा साखरपुडा धरला होता. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, बाबांनी शब्द दिला होता. मी रडले, समजावून सांगितलं, तीन दिवस जेवले नाही. बाबा म्हणाले, लग्नानंतर शिक. लग्नानंतर कोण शिकतं हे त्यांनाही माहीत होतं.

आदल्या दिवशी मी दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घर सोडलं. ठाण्यात माझं कोणी नव्हतं, एक रात्र काढायची होती, म्हणून आटगावला उतरून काकांच्या दारात गेले. काकूंनी आधी पोटभर शिव्या घातल्या, मग पाय धुवायला मोरीत पाठवलं आणि नंतर आतल्या खोलीत नेऊन तांदळाच्या कणगीमागे बसवलं. काका नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

दुपारी बाबा आले. मी त्यांची चप्पल आवाजावरून ओळखली. दारातूनच त्यांनी विचारलं, "माजी पोर आली का हितं?"

त्यानंतर जे झालं ते अजून माझ्या कानात आहे. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "नाय हो भाऊ, कोन नाय आलं." आणि नेमकं त्याच क्षणी, तेवढ्याच मोठ्याने, काका म्हणाले, "आहे."

संपलं, असं वाटलं. या माणसाने आपल्या घड्याळवाल्यापायी माझा गळा कापला, असं मी तेव्हा स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं. मग लपून काय उपयोग, म्हणून पिशवी छातीशी धरून बाहेर आले.

बाबा उंबऱ्याबाहेरच उभे होते. त्यांनी मला मारलं नाही. उद्या पाहुणे येणार, आईने लाडू वळलेत, मी शब्द दिलाय, चल, एवढंच म्हणाले. काका दाराला धरून उभे होते आणि त्यांचे हात थरथरत होते. मला वाटलं रागाने. तेवढ्यात काकू आतून वही घेऊन आल्या आणि उघडून काकांच्या हातात दिली. काकांनी ती तशीच बाबांपुढे धरली.

बाबांची शाळा तिसरीपर्यंत. ते ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायला लागले. घरात आला तो आपला. दारातला इचारनारा कोन. वाचून झाल्यावर बोट तिथेच राहिलं.

"ह्या मी बोललो?"

काकांनी मान हलवली.

बाबांनी वही मिटून काकांच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "तवा दारात मी नव्हतो."

ते पायरीवर बसले. काकूंनी चहा दिला तो घेतला. माझ्याकडे न बघता विचारलं, उद्या पावन्यांना काय सांगू? काकांनी तोंड उघडलं होतं, पण काकूंनी असं बघितलं की ते मिटलं. बाबा उठले आणि स्टेशनकडे चालायला लागले. मला चल म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना पोरीला कावीळ झालीय असं सांगितल्याचं मला नंतर आईकडून कळलं. सोयरीक मोडली. पुढे दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत आणि ती दोन वर्षं मला फार जड गेली. मी पास झाले तेव्हा मात्र खांद्यावर तांदळाची गोणी घेऊन ठाण्याला आले, हॉस्टेलच्या गेटपाशी ठेवली आणि म्हणाले, नवा हाय, जरा पानी कमी घाल.

ही गोष्ट वर्गातून बाहेर गेली आणि गावोगाव फिरली. फिरता फिरता मोठी झाली. कोणी म्हणे बाबांच्या हातात खरंच कोयता होता. काय तो माणूस, पोरीचं आयुष्य पणाला लागलं तरी सत्य सोडलं नाही आणि सत्यानेच तिला वाचवलं, असं लोक म्हणायला लागले. येड्याची शाळा म्हणणारे आता दोन-दोन मुलं घेऊन रविवारी यायचे. काका निवृत्त झाले तेव्हा लोकांनी शाल दिली, पाया पडले. कोणी पायाला हात लावला की काका पाय ओढून घेत. दाराचा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी वर्गात घेतला नाही. मी त्याला विनय समजत होते. नव्या नर्सेसना मीच ही गोष्ट रंगवून सांगायची, खोटं कशाला सांगू.

निवृत्तीनंतर दोघं काकूंच्या माहेरगावी राहायला गेले. योगायोगाने माझी बदली मुरबाड तालुक्यात तिकडच्याच उपकेंद्रावर झाली. एव्हाना त्या दुपारला बारा वर्षं उलटली होती, तालुक्याच्या बाजारात मोबाइल दिसायला लागले होते. काकांना साखर झाली होती आणि पायाची जखम भरत नव्हती. दर दोन दिवसांनी मी पट्टी बदलायला त्यांच्या घरी जायची. वर्ग बंद पडला होता. कॅलेंडरची कव्हरं घातलेली पुस्तकं कपाटात होती आणि त्यांना आता अक्षर नीट दिसत नव्हतं.

एका सकाळी मी जखम धूत होते. काका अचानक म्हणाले, "त्या दिवशी तू मोरीत पाय धूत होतीस, तेव्हा आमचं ठरलं होतं."

मी विचारलं, काय ठरलं होतं?

"नाही म्हणायचं. दोघांनीही. मी दोनतीनदा म्हणूनही बघितलं, नाही आली, नाही आली. मग तुझा बाप दारात उभा राहिला. तोंडातून 'आहे' निघून गेलं. त्यात तत्त्व नव्हतं, घड्याळवाला नव्हता, काही नव्हतं. मार खायची भीती होती."

मी म्हटलं, आणि वही?

"वही हिला सुचली. पान हिनंच काढलं. मला कुठलं सुचतंय." मग म्हणाले, "डाव्या बाजूचं ती कधी वाचत नाही. उजवी पानं तिची सगळी पाठ आहेत. हे मला त्या दिवशी कळलं."

काकू बाहेर वाल निवडत होत्या. त्यांना ऐकू आलं असेलच, पण त्या निवडतच राहिल्या.

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. माझी नोकरी, माझं घर, मी ज्या बाळंतिणी सोडवल्या त्या सगळ्या, हे सगळं एका भ्यालेल्या माणसाच्या तोंडून निसटलेल्या शब्दावर उभं होतं. बाबांनी त्या पानावर बोट ठेवलं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी पाटावर बसले असते, आणि काका बारा वर्षं गप्प राहिले होते. शाल घेतली होती यांनी. मला भडभडून आलं, पण ते रडू नव्हतं.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं. त्यांच्या त्या अंधूक डोळ्यांत लहान मुलासारखी वाट बघणं होतं.

नाही म्हणणं सोपं होतं. म्हातारा माणूस, सडत चाललेला पाय, आणि झालं ते चांगलंच झालं होतं.

"हो," मी म्हटलं. "फार."

त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी बघितला.

"बरं झालं," ते म्हणाले. "बारा वर्षं लोक नुसते पाया पडतायत. कोणीतरी रागवायला हवं होतं."

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी बांधायला लागले. राग गेला नव्हता. पण जखम ओली होती, म्हणून हात हलका ठेवला.